चाळलेली राख

निवटी हातात धरून दाखवा आणि मग माझ्याशी बोला. खाडीच्या चिखलातला हा मासा बोटाएवढा, डोळे डोक्यावर काढलेले आणि अंगभर नुसती बुळबुळ. धरली म्हणेपर्यंत सुटते. म्हणून निवट्या साफ करायला राख लागते. मूठभर राख टाकायची आणि खसाखसा चोळायचं, की सगळी बुळबुळ राखेला लागून निघते. मग मासे कापायच्या कोयत्यावर घ्या, कालवण करा, काय हवं ते करा. पनवेल-उरणच्या खाडीकाठी जन्मलेल्या बाईला हे कुणी शिकवत नाही. मीही आईच्या शेजारी पाट घेऊन बसले आणि ते आपोआप आलं.

राख म्हणजे अर्थात चुलीची. पण मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या घरात गॅस आला आणि चूल मोडली. आळीतल्या बाया शेगडी बघायला येऊन गेल्या, आईने सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्याच दिवशी निवट्यांचा वाटा समोर घेऊन ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता यांना काय गॅसच्या जाळानं चोळू?" माझी आई तोंडाची तिखट होती. तो तिखटपणा मला आला आणि तिचे हात मात्र माझ्या भावाला आले, असं आळीत म्हणायचे.

राखेचा प्रश्न आईने स्वतःच सोडवला. उत्तर तिच्या डोक्यावरच होतं.

आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे होते. तुम्ही पाहिले असतील, राखाडी, नागमोडी, कारखान्यांच्या शेडवर असतात तसे. बाबांनी ते उरणहून मचव्यात घालून भरतीच्या पाण्यावर खाडीतून आणले होते. बाबा मासेमारी करायचे, आयुष्यभर झावळ्यांच्या छपराखाली राहिलेले, आणि आमचं घर आळीतलं पहिलं पत्र्याचं घर झालं. त्या दिवशी बाबांनी गाऱ्हाणं घालून नारळ फोडला, तो फुटल्याचा आवाज पत्र्याखाली घुमला, आणि आम्ही दोघं भावंडं पुन्हा पुन्हा ओरडून तो घुमणारा आवाज ऐकत राहिलो.

पण खाडीच्या दमट हवेत पत्र्यावर काळं शेवाळ धरतं. आईला ते सहन व्हायचं नाही. पहिलं पत्र्याचं घर आणि त्यावर शेवाळ, म्हणजे लोक काय म्हणतील? दर वैशाखात, पावसाच्या आधी, ती शिडी लावून वर चढायची आणि तारेच्या ब्रशने सगळा पत्रा घासून काढायची. तेही कोरडाच. ओला पत्रा घसरडा, पाय सटकला तर सरळ मागीलदारी माडाच्या बुंध्यावर. खर्र, खर्र, खर्र, सकाळभर तो आवाज चालायचा. खाली आम्ही जुनं लुगडं पसरून त्याची टोकं धरून उभे राहायचो, कारण पत्र्यावरून जी राखाडी भुकटी पडते ती अंगणात पसरली तर झाडायला त्रास. ती भुकटी हातात घेऊन आईने बोटांनी चोळून पाहिली आणि म्हणाली, "आगो, ही तर राखच!"

झालं. त्या वर्षापासून निवट्यांची राख पत्र्यावरून येऊ लागली. आई ती जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायची. खडे, शेवाळाचे पापुद्रे वर राहायचे आणि खाली मैद्यासारखी मऊ भुकटी. ती चहाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून मोरीजवळच्या फळीवर जायची. चाळताना ती उन्हात उडायची आणि चमकायची. खोटं कशाला सांगू, फार सुंदर दिसायची. आईच्या पापण्यांवर बसायची. मी हसायचे, "आये, म्हातारी झालीस." ती फडक्याने तोंड पुसायची आणि तेच फडकं माझ्या तोंडावर फिरवायची.

फुटक्या पत्र्याचे तुकडे आमचे खेळायचे. लंगडीची ठिकरी त्याचीच सगळ्यात छान व्हायची. दगडावर घासून घासून गोल करायची, तोंडाने फुंकर मारायची, पुन्हा घासायची.

पुढे माझं लग्न झालं आणि मी पनवेलच्या खांदा कॉलनीत आले. माहेर रिक्षाने अर्ध्या तासावर, पण कॉलनीत राहायचं म्हणजे बोलणं बदलावं लागतं. माझं हाय-नाय सासूबाईंनी आठ दिवसांत बंद केलं. मी तळोज्याच्या एका कंपनीत ऑफिसात लागले, फायली सांभाळल्या, आहे-नाही बोलले, आणि माहेरी गेल्यावरही तसंच बोलत राहिले. भाऊ चिडवायचा, "आली मॅडम." बाबा गेले. भावाने होडी विकली आणि बंदरात कामाला लागला. त्याची बायको आली. गरीब स्वभावाची, उरणकडच्या मासेमाऱ्यांच्या घरातली, आईच्या तोंडाला तोंड न देणारी. आई तिच्यावर खूष होती. म्हणायची, "पोटच्या पोरीला जमलं नाय ते ही करते." हा टोमणा मला असायचा, हे सांगायला नकोच.

मग आईला धाप लागायला लागली. आधी शिडी चढताना, मग मोरीतून उठताना, मग नुसतं बोलताना. आईचं बोलणं थांबतं म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे आम्हाला तिथेच कळायला हवं होतं. छातीत पाणी झालं. काढलं, पुन्हा झालं. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचा कॅन्सर आहे, आणि विचारलं, "घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कामाला होतं का?" मी भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "सायेब, आमी मासेमारी करनारी मान्सं." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं.

आई त्या दुखण्यातच गेली. शेवटी शेवटी तिचा श्वास कसा व्हायचा ते मी लिहिणार नाही. तिचं अंथरूण, कोयता, मासळीची टोपली सगळं रीतीप्रमाणे खाडीला सोडलं. राखेचा डबाही त्यातच गेला असणार, असं मी धरून चालले. खरं म्हणजे डब्याचा मी विचारच केला नाही.

त्यानंतर वर्षभराने आमच्या कंपनीने जुन्या गोडाऊनचं छप्पर बदलायला काढलं. मी दुपारचा चहा घेऊन खिडकीत उभी होते. खाली माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, हातमोजे, तोंडावर दोन डब्यांचे मास्क. भोवती लाल-पांढरी पट्टी बांधली, आत यायचं नाही म्हणून बोर्ड लावला, आणि पत्र्यावर पाण्याचा फवारा मारायला सुरुवात केली. सावकाश, भाजलेल्या माणसावर मारावा तसा. बोल्ट कापून एकेक पत्रा अख्खा उतरवला. तोडला नाही, आपटला नाही. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, चिकटपट्टी लावली, वर धोक्याची खूण चिकटवली. पत्रा कुठला? आमचाच. राखाडी, नागमोडी, सिमेंटचा. ज्याच्याखाली मी वाढले, जेवले, झोपले, त्याला हात लावायला ही माणसं एवढं चिलखत घालून आली होती. माझ्या हातातला चहा गार झाला.

मी सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमध्ये गेले. पोरगेलासा होता, पण नीट बोलला. या पत्र्यात सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणजे दगडातून निघणारे धागे. पत्रा शांत बसलाय तोवर फारसं काही नाही. फोडला, कापला, घासला की धागे सुटतात. केसाहून कितीतरी बारीक, डोळ्यांना दिसतही नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की छातीत रुततात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. दुखणं लगेच येत नाही, वीस, तीस, चाळीस वर्षांनीही येतं. म्हणून हा कचरा कायद्याने धोकादायक धरलेला आहे. ओला करूनच काढायचा, बंद करूनच न्यायचा, परवानगी असलेल्या गाडीतून परवानगी असलेल्या जागीच पुरायचा. रस्त्याकडेला टाकायचा नाही, भंगारात द्यायचा नाही.

"मग विकायलाही बंदी असेल," मी म्हटलं.

तो ओशाळला. "नाही मॅडम. दुकानात अजून मिळतात."

मी हसले. तो घाबरला असेल, कारण ते हसणं मला थांबवता येईना. आणायला मचवा पुरतो आणि न्यायला चिलखत लागतं! बाबांनी फोडलेला नारळ मला आठवला. डॉक्टरांचा प्रश्न आठवला. तारेचा ब्रश, धोतराचं फडकं, आईच्या पापण्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

तेव्हापासून मी घरात उन्हाचा कवडसा पाहिला की श्वास धरते. कवडशात धूळ असतेच, सगळ्यांच्या घरात असते. हे मला कळतं, पण माझ्या छातीला कळत नाही. शेजारीण तवा घासायला लागली की तो खर्र खर्र आवाज ऐकून मी खिडक्या लावते. नवरा म्हणतो, "अगं, ती भांडी घासतेय." मला ऐकू येतं ते आईच. ती वर आहे, पत्र्यावर आहे, आणि मी खाली लुगड्याची टोकं धरून तोंड वर करून उभी आहे. छातीचा फोटो काढून घेतला. काही नाही म्हणाले. आत्ता काही नाही. त्या "आत्ता"वर मी जगते.

भावाला सांगायला गेले तर त्याने ऐकूनच घेतलं नाही. "आयेला दमा होता. खाडीचं वारं लागलं." मी म्हटलं, दमा कुठे होता, डॉक्टरांचे कागद आहेत. तो उठून पडवीत गेला. मला राग आला, पण आज त्याचंही कळतं. ते पत्रे म्हणजे बाबांच्या आयुष्यातली एकमेव मोठी गोष्ट. बाबांनी आणलेल्या छपराने आई मारली, हे कुठल्या मुलाने ऐकावं? मग मीही तो विषय सोडून दिला. पत्रा शांत बसलाय तोवर बसू दे, असं म्हणत राहिले.

पण गेल्या वर्षी भाची गरोदर राहिली. भावाची एकुलती एक मुलगी, खारघरला नोकरी करणारी, आणि स्वतःच्या आईपेक्षा माझ्यावर जास्त हक्क गाजवणारी. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात बदल नाही. आणि भावाने त्याच्या पद्धतीने तयारी काढली. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, पोर कसं झोपेल? जुने पत्रे काढून वर नवे रंगीत लोखंडी पत्रे टाकायचे आणि आतून छत मारायचं. मला फोनवर उत्साहाने सांगत होता. "आयतवारी भावकी येईल. दुपारपर्यंत खाली."

भावकी येईल म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या आळीत कुणाचं छप्पर उतरवायचं तर घरटी एक माणूस येतो. मजुरी नाही, मटणाचं जेवण असतं. हातोडे घेऊन वर चढतात, पत्रे फोडतात, खाली टाकतात. चांगले अख्खे असतील ते गोठ्याला, कोंबड्यांच्या खुराड्याला जातात, आणि चुरा खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर घालतात, म्हणजे चिखलात पाय सरकत नाही. त्या वाटेने पोरं रोज पळतात. आणि पंधरा दिवसांनी त्या घरात माझी भाची येणार, त्या फळ्यांवर बसलेल्या, गोधड्यांत शिरलेल्या धुळीत तिचं बाळ पहिला श्वास घेणार.

मी रिक्षा करून तशीच गेले.

"तू काय बाय, कॉलनीत बसून हुकूम सोडतेस," भाऊ म्हणाला. "आक्ख्या गावाच्या घरावर पत्रा हाय. सगली मेली काय?"

"आई मेली," मी म्हटलं.

भावजय पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मग मी त्यांना दोघांना समजावलं. पत्रा फोडायचा नाही, तोडायचा नाही, आपटायचा नाही. फुटताना धूळ उडते ती वाईट. रीतसर माणसं बोलवू, ते ओला करून काढतील. भावजय हो हो म्हणून मान हलवत होती. भाऊ म्हणाला, भावकीला काय सांगू, आमच्या घरी तुमचे हात चालत नाहीत? तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्याकडे हात नाकारणं म्हणजे ताट नाकारण्यासारखं.

मी पंचायतीतही जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, "ताई, पत्रा चढवायला विचारत नाय कोन, उतरवायला कसली परवानगी?" त्याच्यावर चिडून काय उपयोग. त्याच्याही डोक्यावर तोच पत्रा होता.

शेवटी भाचीनेच निकाल लावला. तिने बापाला फोन केला आणि सांगितलं, "आत्या म्हणते तसं करा. नाहीतर मी सासरीच बाळंत होते." एकच वाक्य. भावाने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "बोलव तुझ्या मान्सांना."

कंपनीच्या ओळखीतून ती माणसं आली. आळी लोटली. पांढरे कपडे घातलेली माणसं बघून पोरं हुर्यो करायला लागली, मी त्यांना दटावून लांब पाठवलं. फवारा सुरू झाला तशी एक म्हातारी म्हणाली, "पत्र्याला आंघोल घालतान का काय?" गुंडाळलेले पत्रे ओळीने आडवे ठेवलेले पाहून दुसरा म्हणाला, "मयत बांधलंय जसं." हशा पिकला. चुलतभाऊ दोन पत्रे गोठ्याला मागायला आला आणि मी नाही म्हटल्यावर माझ्याकडे न बघता निघून गेला. भाऊ खाली मान घालून उभा होता. त्याची मला दया आली, पण मी मागे हटले नाही.

एक गोष्ट त्या दिवशी झाली, ती तेव्हा मला काहीच वाटली नाही. त्या माणसांचा मुकादम शिडीवरून वाकून म्हणाला, "पत्रा स्वच्छ आहे हो. शेवाळ म्हणून नाही. नव्यासारखा वाटतो." भावजय पदर दातात धरून लाजली. मला वाटलं, परक्या माणसाने घराचं कौतुक केलं म्हणून लाजली.

संध्याकाळपर्यंत गाडी भरून गेली. मुकादमाने सांगितल्याप्रमाणे घर आतून ओल्या फडक्यांनी पुसून घेतलं. भिंती, फळ्या, खिडक्यांच्या चौकटी, सगळं. ती फडकीसुद्धा त्यांनी पिशवीत बांधून नेली. वर उघडं आभाळ होतं. मी आईच्या खाटेच्या जागी उभी राहिले आणि कित्येक वर्षांनी त्या घरात पोटभर श्वास घेतला.

नवे पत्रे चढले, छत झालं, भाची आली, आणि श्रावणात तिला मुलगी झाली. मी तिला हातात घेतलं तेव्हा तिच्या नाकपुड्या हलत होत्या. मसूरडाळीएवढ्या! मी त्यांच्याकडेच बघत राहिले. पाचवीच्या दिवशी मी पनवेलच्या बाजारातून आळीव, डिंक, खोबरं घेऊन माहेरी गेले. दुपारची वेळ. भाची आतल्या खोलीत पोरीला घेऊन पडली होती. पाऊस उघडला होता आणि मागीलदारी लख्ख ऊन पडलं होतं. मी इतकी खुशीत होते की गाणं गुणगुणत मोरीकडे गेले.

भावजय पाटावर बसून निवट्या साफ करत होती. आमच्या घरात बाळंतिणीला निवट्यांचं कालवण देतात, दूध उतरतं म्हणून. माझ्या वेळी तर मी कॉलनीत परतल्यावरही आईने भावाच्या हाती कालवणाचा डबा पाठवला होता. भावजय दोन्ही हातांनी चोळत होती. हात कोपरापर्यंत राखाडी झाले होते. तिने बाजूचा डबा ओढला, मूठ घातली आणि वरून भुरभुरली. ती उन्हात उडाली आणि चमकली.

मी आईचा डबा ओळखला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"राख," ती म्हणाली. "आयेचीच. डबा कसा सोडायचा खाडीला, चांगला हाय. मी दर साली भरते ना."

"कुठून?"

तिने वर बघितलं, छपराकडे, मग माझ्याकडे. तिला प्रश्नच कळेना. "ताई, पत्र्यावरनं. आये गेल्यावर मीच घासते. ह्या साली तर भरपूर निघाली. तुमची ती मान्सं यायची होती ना, त्याच्या आधल्या दिवशी घासला सगला. परकी मान्सं चढनार, काला पत्रा बघून काय बोलतील? आयेचं नाव जायला नको."

फवारा, मास्क, प्लास्टिक, धोक्याची खूण, भावकीशी घेतलेलं वैर. आणि त्याच्या आदल्या दिवशी ही बाई शिडी लावून वर चढली होती, कोरड्या पत्र्यावर, तारेचा ब्रश घेऊन, सासूची लाज राखायला. धुळीने भरलेल्या अंगणात बसून तिने ते चाळलं असेल.

"मी सांगितलं होतं ना तुला," मी ओरडले. "सांगितलं होतं ना!"

"तुमी बोललात, फोडायचा नाय, तोडायचा नाय," ती घाबरून म्हणाली. "मी कुठं फोडला? मी नुसता घासला."

मी तसंच सांगितलं होतं. मी गप्प बसले की काहीतरी गंभीर आहे हे तिलाही कळत असणार, कारण तिने हात निवट्यांतून काढले आणि पाण्यात न बुडवता तसेच हवेत धरले.

मी बादली ओढली आणि डब्यावर पाणी ओतलं. भुकटी आधी वर तरंगली, मग गढूळ होऊन बसली. निवट्यांवर पाणी ओतलं, फरशीवर ओतलं. झाकण दाबून डबा पिशवीत घालून गच्च बांधला. मग तिच्यासमोर बसले आणि तिचे हात माझ्या हातात घेऊन नळाखाली धरले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, बांगड्यांच्या आतून ते राखाडी पाणी निघत होतं. तिच्या पापण्यांवरही होतं. मी ओला पदर फिरवला. ती लहान पोरीसारखी तोंड वर करून बसली होती.

आतून भाचीने हाक मारली, "आत्या, काय झालं गं?"

"काही नाही. मासळी खराब निघाली," मी म्हटलं.

भावजय माझ्याकडे बघत होती. गरीब स्वभावाची बाई, पण वेडी नाही. आईचं शेवटचं सगळं हिनेच केलं होतं. उशा लावून बसवणं, पाठ चोळणं, त्या श्वासाशेजारी बसून उजाडायची वाट बघणं. मी येत होते जात होते, हीच तिथे होती. नळ बंद केला तसा घरात पोरीच्या कुरकुरण्याचा आवाज तेवढा राहिला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आये तशीच गेली काय? ह्याच्यानंच?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग मना बी होईल?"

मी सगळं खरं सांगू शकले असते. सेफ्टी ऑफिसर जे बोलला ते शब्द न् शब्द मला पाठ होतं. किती वर्षांनी, कसं, कुणाला होतं, कुणाला होत नाही. मी तिचे ओले हात घट्ट धरले. आणि इतक्या वर्षांत त्या घरात न निघालेलं आळीतलं बोलणं माझ्या तोंडून निघालं, आई आम्हाला ताप आल्यावर बोलायची तसं.

"नाय गो बाय. तुना काय नाय होत."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मग मिठाचा डबा घेऊन ती राख न लागलेल्या, उरलेल्या निवट्या मिठाने चोळू लागली, आणि मी तिच्याशेजारी पाटावर बसून तिचा श्वास ऐकत राहिले.